गाभा बदलला आणि यंत्र अडले



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आम्ही ज्या तालुक्याच्या गावी राहतो तेथील वाचनालयाचे ग्रंथपाल एके दिवशी सकाळीच आमच्या घरी आले. चेहरा उतरलेला, हातात छत्री असूनही अंग भिजलेले. म्हणाले, "सर, पुस्तकांची सगळी नोंद गेली." आदल्या संध्याकाळी वाचनालयाच्या संगणकाने 'नवी सुधारणा आली आहे, बसवावी काय?' असे विचारले होते आणि त्यांनी होकार दिला होता. सकाळी यंत्र सुरू केले तो काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या काही ओळी उमटल्या आणि यंत्र तेथेच खिळून राहिले. दुकानातील कारागिराला दूरध्वनी केला, त्याने यंत्र न पाहताच निदान सांगितले : "फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे डिस्क कोरी करून सारे पुन्हा पहिल्यापासून बसवायचे. त्या डिस्कवर अकरा वर्षांची नोंद होती. हजारो पुस्तके, वर्गणीदार, त्यांच्या अनामत रकमा, सारे काही. प्रत काढून ठेवली होती ती दोन वर्षांपूर्वीची.

आजच्या व्याख्यानाचा सारा हेतू या एका प्रसंगात आला आहे. त्या यंत्रातील एक अक्षरही नष्ट झाले नव्हते. नष्ट होण्याचा प्रसंग आला होता तो बिघाडामुळे नव्हे, तर बिघाडावर सुचविलेल्या उपायामुळे. यंत्र सुरू होत नाही आणि माहिती गेली, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. घराचे कुलूप अडकले म्हणून घर जळाले असे कोणी म्हणत नाही. पण संगणकाच्या बाबतीत शहाणीसुरती माणसेही तसे म्हणतात, आणि मग घराला स्वतःच काडी लावतात. हे का होते? यंत्र सुरू होताना आत काय घडते याची कल्पना नसते म्हणून. ती कल्पना आज आपण करून घेऊ.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करू. 'कर्नल' म्हटले की आपल्याला पलटणीतील अधिकारी आठवतो. तो हा नव्हे. इंग्रजीत सारखाच उच्चार असलेला दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ फळाच्या कवचातील गर किंवा गाभा. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो अगदी आतला भाग, त्याला हे नाव आहे. आम्ही त्याला गाभा म्हणू. पत्र लिहिण्याची, हिशेब करण्याची, चित्रे पाहण्याची जी साधने आपण वापरतो, त्यांपैकी एकही साधन डिस्कला, पडद्याला किंवा कळफलकाला स्वतः हात लावीत नाही. प्रत्येकाने गाभ्याकडे अर्ज करायचा आणि गाभ्याने ते काम करून द्यायचे, असा तेथील कारभार आहे. लिनक्स हा असाच एक गाभा. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 च्या ऑगस्टमध्ये त्याची वार्ता जगाला दिली तेव्हा तो छंदाचा उद्योग होता. आरंभी त्याच्या सुमारे दहा हजार ओळी होत्या. 2025 साली त्यांनी चार कोटींचा टप्पा ओलांडला. आपल्याकडील सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही कार्यप्रणाली याच गाभ्यावर उभी आहे, आणि आमच्या ग्रंथपालांच्या यंत्रातही हाच गाभा होता. म्हणून उदाहरणे त्याचीच घेऊ.

दुसरा शब्द 'बूट'. यंत्र सुरू होण्याच्या क्रियेला हे नाव कसे पडले, हे मोठे मौजेचे आहे. उंच बुटाच्या मागे तो ओढून चढविण्यासाठी एक पट्टी असते. स्वतःच्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलणे ही इंग्रजीत अशक्य गोष्टीची उपमा होती. संगणकाला नेमके हेच करावे लागते. डिस्कवरील काहीही वाचायचे तर ते गाभा वाचणार, आणि गाभा तर स्वतःच डिस्कवर पडलेला! ज्यांनी विहिरीवरचा पंप चालविला आहे त्यांना हे कोडे नवे वाटणार नाही. पंपाने पाणी ओढावे म्हणून आधी पंपातच पाणी भरावे लागते. ते पहिले तांब्याभर पाणी कोठून आणायचे, हाच संगणक सुरू करण्यातील खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने दिलेले आहे.

हे टप्पे पालखीच्या मुक्कामांसारखे समजावे. पहिला मुक्काम म्हणजे यंत्राच्या मुख्य पाटीवरील एका लहानशा चिपमध्ये साठविलेली आज्ञावली. जुन्या यंत्रांत तिला बायॉस म्हणत, नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. वीज आली की ही जागी होते, स्मृती व कळफलक जागेवर आहेत की नाहीत ते पाहते आणि डिस्कवरील ठरलेल्या जागी जाऊन पुढच्या माणसाला हाक मारते. हा पुढचा माणूस म्हणजे दुसरा मुक्काम, त्याला बूटलोडर म्हणतात. लिनक्सच्या बहुतेक यंत्रांत त्याचे नाव ग्रब. त्याच्यापाशी गाभ्यांची यादी असते. कोणता गाभा उठवायचा ते तो ठरवतो, किंवा आपल्याला विचारतो.

तिसरा मुक्काम खुद्द गाभ्याचा. ग्रब त्याला डिस्कवरून उचलून स्मृतीत आणून ठेवतो. डिस्कवर तो दाबून बांधलेल्या गाठोड्यासारखा असतो. स्मृतीत आल्यावर तो स्वतःच उलगडतो. पण येथे पुन्हा तीच अडचण उभी राहते. डिस्क अनेक जातींच्या, त्यांवर माहिती मांडण्याच्या रीती अनेक, काही डिस्क तर कुलूपबंद. या सर्वांशी बोलण्याची विद्या गाभ्याच्या पोटात भरली तर तो अवजड होईल. म्हणून ती विद्या 'मॉड्यूल' नावाच्या निरनिराळ्या तुकड्यांत ठेवलेली असते. पण ते तुकडे त्याच डिस्कवर! कपाटाची किल्ली कपाटातच राहावी तसा हा प्रकार झाला. म्हणून ग्रब गाभ्याबरोबर आणखी एक गाठोडे स्मृतीत आणून ठेवतो. त्याचे नाव इनिट-रॅम-एफएस; आम्ही त्याला शिदोरी म्हणू. प्रवासाच्या पहिल्या पल्ल्यापुरते लागणारे मॉड्यूल तेवढे या शिदोरीत बांधलेले असतात. गाभा शिदोरी सोडतो, त्यातील साधनांनी मुख्य डिस्क उघडतो आणि मग शिदोरीचे काम संपते. हा चौथा मुक्काम. पाचव्या मुक्कामाला गाभा पहिली प्रक्रिया सुरू करतो. हल्ली बहुतेक ठिकाणी तिचे नाव सिस्टमडी. तिचा क्रमांक एक. ती बाकीच्या सर्व सेवा उठविते, पडदा उजळतो आणि आपले नाव व संकेतशब्द विचारला जातो. पालखी पंढरपुरास पोचली.

आता गाभ्याची सुधारणा म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांचा समज असा की, जुना गाभा पुसून त्या जागी नवा लिहिला जातो. तसे सहसा नसते. नवा गाभा जुन्याच्या शेजारी, आपला वेगळा क्रमांक घेऊन बसतो. त्याच क्रमांकाचे मॉड्यूल एका वेगळ्या दालनात येतात. त्यांतून निवडून त्याच क्रमांकाची नवी शिदोरी बांधली जाते. शेवटी ग्रबच्या यादीत नव्या गाभ्याचे नाव सर्वांत वर लिहिले जाते. म्हणजे गाभा, मॉड्यूल, शिदोरी आणि यादी या चार गोष्टी जुळाव्या लागतात. चारांपैकी एक जरी राहिली तरी दुसऱ्या दिवशी यंत्र अडते. मात्र जुन्या गाभ्याच्या चारही गोष्टी बहुधा शाबूत असतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. फेडोरा या प्रणालीत तर असे तीन गाभे बाळगण्याची रीतच आहे; चौथा आला की सर्वांत जुना जातो.

यावरून पहिला उपाय आपोआप निघतो. यंत्र अडले तर ते पुन्हा सुरू करावे आणि ग्रबची यादी पडद्यावर आणावी. उबुंटूसारख्या प्रणालीत ही यादी एरवी लपलेली असते. जुन्या धर्तीच्या यंत्रावर आरंभीच शिफ्टची कळ दाबून धरली, किंवा यूईएफआयच्या यंत्रावर एस्केपची कळ वेळेवर दाबली, म्हणजे ती दिसते. तीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' या शब्दांनी सुरू होणारी ओळ असते. ती उघडली की क्रमांकवार गाभे दिसतात. वरून दुसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे कालपर्यंत चालत असलेला गाभा निवडावा.

यंत्र सुरू झाले तर दोन लाभ झाले. काम सुरू झाले हा एक; आणि दुसरा, त्याहून मोठा, की दोष कोठे आहे ते निम्मे कळले. डिस्क शाबूत आहे, माहिती शाबूत आहे, पहिले दोन मुक्कामही शाबूत आहेत, दोष आहे तो नव्या गाभ्याच्या संसारात. आणि जुन्या गाभ्यानेही यंत्र सुरू झाले नाही, तर तेही काही सांगते. अशा वेळी दोष सुधारणेच्या माथी मारण्याची घाई करू नये. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. संगणक पुष्कळदा आठवडेच्या आठवडे पूर्ण बंद न करता केवळ झोपवून ठेवलेला असतो. सुधारणेनंतर तो खऱ्या अर्थाने प्रथमच पुन्हा सुरू होतो, आणि महिनाभर दडून बसलेला एखादा जुनाच दोष त्या दिवशी डोके वर काढतो. दोष जुना असतो, नाव मात्र सुधारणेचे होते.

तर मग दोष शोधावा कसा? पालखी पंढरपुरास पोचली नाही असे कळले तर जाणता मनुष्य छाती बडवीत नाही. शेवटचा मुक्काम कोठे झाला ते विचारतो. यंत्राच्या बाबतीतही हेच विचारावे. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. सुरू होताना यंत्र जे शोभेचे चित्र दाखविते, त्याच्या आड सारा कारभार लपलेला असतो. ग्रबच्या यादीत गाभ्याच्या नावावर असता 'ई' ही कळ दाबली, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतील 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द पुसले आणि एफ-10 दाबले, म्हणजे गाभा आपली हकीकत ओळीओळीने सांगू लागतो. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, म्हणून भिण्याचे कारण नाही. शेवटच्या ओळींचे छायाचित्र घ्यावे. रोगी कोठे दुखते ते सांगत असता आपण त्याचे तोंड बांधू नये.

यादीच दिसत नसेल, तर पालखी दुसऱ्या मुक्कामाला पोचलीच नाही. तेव्हा गाभ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. येथे पुष्कळदा 'सिक्युअर बूट' नावाच्या पहारेकऱ्याचा संबंध असतो. ज्या आज्ञावलीवर मान्य शिक्का नाही तिला तो आत सोडीत नाही. 2020 च्या जुलैमध्ये ग्रबमध्ये 'बूटहोल' नावाचे एक भगदाड सापडले. ते बुजविण्यासाठी आलेल्या सुधारणेनेच रेड हॅटच्या प्रणालीची काही यंत्रे सुरू होईनाशी झाली. 2024 च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या एका सुधारणेने जुन्या बूटलोडरांना बंदी केली, आणि ज्या यंत्रांवर विंडोज व लिनक्स दोन्ही शेजारी नांदत होती त्यांपैकी काहींचा लिनक्सचा दरवाजा बंद झाला. अशा वेळी यूईएफआयच्या पटलात जाऊन पहारा तात्पुरता उठवावा, बूटलोडर नवा करून घ्यावा आणि पहारा पुन्हा बसवावा. मात्र विंडोजची डिस्क कुलूपबंद असेल, तर हा पहारा हलविताच ती आपली लांबलचक पुनःप्राप्तीची किल्ली मागण्याचा संभव असतो; ती किल्ली हाती असल्यावाचून या वाटेला जाऊ नये.

यादी दिसली, गाभा उठला, आणि मग 'कर्नल पॅनिक' असे शब्द येऊन 'अनेबल टू माउंट रूट एफएस' अशी ओळ उमटली, तर तिचा अर्थ असा की, गाभा जागा झाला पण त्याला मुख्य डिस्क उघडता आली नाही. त्याच ओळीच्या शेवटी 'अननोन ब्लॉक' आणि कंसात दोन शून्ये असली तर बहुधा शिदोरीच मिळालेली नसते. शिदोरी का मिळाली नाही? बांधलीच गेली नाही म्हणून. आणि का बांधली गेली नाही, याचे नित्याचे कारण इतके साधे आहे की ऐकून हसू यावे. जागा नव्हती! पुष्कळ यंत्रांत गाभ्यांसाठी 'बूट' नावाचा एक लहानसा वेगळा कप्पा ठेवलेला असतो. जुने गाभे साठत जातात, कप्पा भरतो, आणि नव्या शिदोरीला जागा उरत नाही. डिस्क बाकी सारी रिकामी असली तरी या कप्प्याला तिचा उपयोग नाही. घरात धान्याची पोती पडली आहेत, पण प्रवासाला न्यायचा डबा कालच्या शिळ्या पोळ्यांनी भरलेला आहे, अशी स्थिती होते.

पॅनिक न होता यंत्र शिदोरीतच थांबले, आणि अमुक क्रमांकाची डिस्क सापडत नाही असे सांगून साध्या आज्ञांची वाट पाहत बसले, तर शिदोरी मिळाली पण अपुरी निघाली, असे समजावे. त्या डिस्कशी बोलणारे किंवा तिचे कुलूप उघडणारे मॉड्यूल आत बांधले गेले नाही, किंवा डिस्कचा ओळख-क्रमांक बदलला. येथे जुन्या गाभ्याने काम होत असेल, तर नवी शिदोरी पुन्हा बांधविणे हाच उपाय.

मुख्य डिस्क उघडली, पहिली प्रक्रिया सुरू झाली, आणि मग 'इमर्जन्सी मोड' असे म्हणून यंत्र थांबले, तर दोष बहुधा गाभ्याचा नसतो. कोणकोणत्या डिस्क जोडायच्या याची एक यादी प्रणालीत असते. कधी काळी जोडलेली आणि आता काढून नेलेली डिस्क तीत नोंदलेली राहिली, की यंत्र तिची वाट पाहते आणि शेवटी हात टेकते. वर सांगितलेला दडलेला जुना दोष तो हाच.

आणि सर्व मुक्काम पार पडले, पण शेवटी पडदा काळाच राहिला, तर चित्र काढणाऱ्या साधनाकडे पाहावे. काही कंपन्यांची चित्रपाटी चालविणारे मॉड्यूल गाभ्याबरोबर येत नाही. ते बाहेरून आणून प्रत्येक नव्या गाभ्यासाठी त्या यंत्रावर पुन्हा घडवावे लागते. हे घडविण्याचे काम डीकेएमएस नावाची यंत्रणा आपोआप करते, पण गाभ्याची अंतर्रचना बदललेली असली तर ते घडत नाही. किंवा घडते पण शिक्क्यावाचून, आणि पहारेकरी त्याला अडवितो. ग्रबच्या त्याच ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द जोडून पाहावा. साधे, ओबडधोबड का होईना, चित्र दिसू लागले तर दोष सापडला.

आता वाचनालयाकडे वळू. त्या पडद्यावर पॅनिकची ओळ होती, शेवटी दोन शून्ये होती. आम्ही ग्रबची यादी आणली आणि मागचा गाभा निवडला. दीड मिनिटात यंत्र सुरू झाले. ग्रंथपालांनी नोंदवही उघडली. अकराही वर्षे जागच्या जागी होती. ते काही बोलले नाहीत, फक्त खुर्चीवर बसले. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आम्ही पहिली गोष्ट केली ती ही की, सर्व नोंदीची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर काढली. ज्या क्षणी यंत्र उघडते त्या क्षणी प्रथम प्रत, मग दुरुस्ती. हा क्रम कोणीही उलटवू नये. मग 'डीएफ -एच' ही आज्ञा दिली. ती जागेचा हिशेब सांगते. बूटचा कप्पा शंभर टक्के भरला होता. 'यूनेम -आर' या आज्ञेने कोणता गाभा चालू आहे ते पाहून घेतले, म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड पडू नये. त्याहून जुने गाभे प्रणालीच्या रीतीने काढून टाकले. फाइली हाताने पुसल्या नाहीत, कारण तसे केले म्हणजे प्रणालीच्या वहीत त्या आहेत आणि जागेवर नाहीत असा घोळ होतो. जागा झाली, नव्या गाभ्याची शिदोरी बांधविली, यादी नव्याने लिहविली, आणि यंत्र पुन्हा सुरू केले. दुपारच्या चहापूर्वी काम झाले.

समजा, जुना गाभाही उठला नसता तर? तरीही डिस्क कोरी करण्याची वेळ आली नव्हती. दुसऱ्या संगणकावर एक पेन ड्राइव्ह तयार करता येतो, ज्यावर संपूर्ण प्रणाली असते. अडलेले यंत्र त्यावरून सुरू करायचे. डिस्कला धक्का न लावता 'बसवू नका, नुसते वापरून पाहतो' असे सांगायचे. मग आपली डिस्क एखाद्या कपाटासारखी उघडून आतील कागद बाहेर काढता येतात. पुढे 'सीएचरूट' या आज्ञेने त्याच डिस्कवरील प्रणालीत शिरून शिदोरी व यादी दुरुस्त करता येते. मात्र डिस्क कुलूपबंद असेल तर तिचा संकेतशब्द लागतोच, आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तो रोग निराळा. तेथे यंत्र ताबडतोब बंद करून जाणत्याकडे न्यावे.

कोणी म्हणेल, हे सारे एका वाचनालयाचे झाले. मोठ्या जगात असे घडत नसेल. घडते, आणि प्रचंड प्रमाणावर घडते. 19 जुलै 2024 रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने विंडोज यंत्रांसाठी एक लहानशी माहिती-फाइल पाठविली. हा गाभा बदलण्याचा प्रकार नव्हता, पण ती फाइल वाचणारी आज्ञावली गाभ्याच्या आत बसून काम करीत होती. नव्या माहितीत एकविसावे कलम तपासण्यास सांगितले होते, आणि हाती पुरविलेली कलमे वीसच होती. एकविसावे वाचावयास आज्ञावली हद्दीबाहेर गेली आणि यंत्र कोसळले. पुन्हा सुरू केले की पुन्हा तीच फाइल, पुन्हा कोसळणे. 78 मिनिटांत कंपनीने फाइल मागे घेतली, पण ज्यांनी ती उचलली होती ती यंत्रे सुरूच होत नसल्यामुळे त्यांना नवी फाइल पोचणार कशी? मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 85 लाख यंत्रे अशी अडली. आपल्या देशातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे दिली गेली. उपाय काय होता? यंत्र सुरक्षित पद्धतीने सुरू करा, ती एक फाइल पुसा, पुन्हा सुरू करा. उपाय दोन मिनिटांचा, पण तो पुष्कळ ठिकाणी एकेका यंत्रापाशी माणसाने जाऊन करावा लागला. आणि कुलूपबंद डिस्कची किल्ली कोठे लिहून ठेवली आहे हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांचे हाल विचारू नयेत. तेथेही माहिती गेली नव्हती. फक्त दार अडकले होते.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. एवढा उपद्व्याप होत असेल तर सुधारणा घ्याव्यातच कशाला? चालत्या गाडीला खीळ का घाला? या शंकेत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. लिनक्सचा नवा गाभा सुमारे नऊ-दहा आठवड्यांनी निघतो, आणि प्रत्येकात दहा हजारांहून अधिक बदल असतात. त्यांतील एखादा तुमच्याच यंत्राला बाधणे अशक्य नाही. पण त्याच बदलांत चोरवाटा बुजविणारे बदलही असतात, आणि बुजविलेल्या चोरवाटेची बातमी जगभर झालेली असते. सुधारणा न घेणारा मनुष्य अशा गावात दार उघडे टाकून झोपतो, जेथे चोरांना त्याचा पत्ता समजला आहे. शिवाय दोष सापडला तर तो कोणत्या बदलाने आला हे शोधण्याची मोठी सुंदर रीत गाभ्याच्या कारागिरांपाशी आहे. बदलांची रांग मधोमध तोडायची, मधला गाभा चालवून पाहायचा. चालला तर दोष पुढच्या निम्म्यात, अडला तर मागच्या निम्म्यात. असे चौदा वेळा निम्मे केले की सोळा हजार बदलांतून एक नेमका हाती येतो. तेव्हा सुधारणा नाकारणे हे शहाणपण नव्हे. तयारीनिशी घेणे हे शहाणपण आहे.

तयारी कोणती? दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाचे काम असेल तर आदल्या रात्री सुधारणा घेऊ नये. घेण्यापूर्वी नोंदीची प्रत काढावी आणि ती प्रत उघडते की नाही ते पाहावे. बूटच्या कप्प्यात जागा आहे ना, ते बघावे. चालता जुना गाभा एक तरी शिल्लक ठेवावा. डिस्कच्या कुलपाची किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवावी. त्याच यंत्रात ठेवू नये. एक तयार पेन ड्राइव्ह खणात असावा. सुधारणा बसताना पडद्यावर जे शब्द येतात ते वाचावेत. वाचनालयाच्या यंत्राने जागा नसल्याचे आदल्या संध्याकाळीच सांगितले होते. ते ऐकायला कोणी थांबले नव्हते, एवढेच.

आमच्या ग्रंथपालांनी आता नोंदीची प्रत दर शनिवारी काढण्याचा नेम केला आहे. परवा भेटले तेव्हा सांगत होते की, शेजारच्या एका पतपेढीचे यंत्र असेच अडले. तेथेही कारागीर फॉरमॅटची भाषा बोलू लागला. हे जवळच उभे होते. त्यांनी त्याला थांबविले आणि विचारले, "शेवटची ओळ काय आली ते आधी वाचा पाहू."

एवढे विचारायला ते शिकले. आपणही शिकावे, इतकीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.